एकोणीस हिरव्या खुणा

मोहाखडी तांडा,
शनिवार

प्रिय निकिता,

पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकशील. तुझा नंबर माझ्याकडे आहे, टेकडीवर गेलं की फोनही लागतो, तरी मी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर मला तुझ्याशी आता बोलताच येत नाही. गेल्या वर्षीच्या जुलैपासून शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत तुझा आवाज माझ्या वर्गात असतो. ‘शाब्बास, छान वाचलंस.’ ‘हरकत नाही, पुन्हा प्रयत्न कर.’ शाळेच्या टॅबलेटसाठी तू हा आवाज दिलास तेव्हा मला फोन करून सांगितलं होतंस, की सहा दिवस बंद खोलीत बसून वाक्यंच्या वाक्यं म्हटलीस, घसा बसला, कोमट पाणी पीत होतीस. मला किती आनंद झाला होता तेव्हा. कळंबची निकिता, वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली, आमच्या तांड्यावरच्या पोरांशी बोलणार. मी सगळ्या बायांना सांगून आले होते. आता तोच आवाज फोनवर ‘बोल गं पुष्पा’ म्हणतो तेव्हा वाटतं, मी काहीही सांगितलं तरी तो शेवटी ‘हरकत नाही’ म्हणेल. म्हणून पत्र.

आधी बातमी सांगते. पोळा झाल्यावरच्या सोमवारी तालुक्याला बैठक आहे. आमच्या शाळेचा नमुना धरून आणखी अकरा तांड्यांवर हेच करायचं ठरतं आहे. तिथले गुरुजी हलवायचे, टॅबलेट वाढवायचे, माझ्यासारखी डी.एड. झालेली एक मदतनीस बसवायची, आणि गावातल्या मोठ्या शाळेच्या सरांनी आठवड्यातून दोनदा येऊन जायचं. फाइल तयार आहे. तिच्या पहिल्याच पानावर आमच्या शाळेचा तक्ता आहे, चोवीस नावं आणि त्यांतल्या एकोणीस नावांपुढे हिरवी खूण. मला ती फाइल थांबवायची आहे. अकरा तांडे म्हणजे अडीचशे-तीनशे पोरं होतात निकिता. काहून थांबवायची ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल, आणि मागे जाताना माझं तोंड काळं होणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

उत्तमसिंग गुरुजींबद्दल मी तुला वसतिगृहात इतकं सांगितलं आहे, की तू म्हणायचीस, ‘तुझ्या गुरुजींचा एक फोटो लाव भिंतीवर, म्हणजे सांगायला नको.’ तरी एक गोष्ट पुन्हा सांगते. मी पहिलीत गेले तेव्हा पुस्तकात पहिल्या पानावर ‘आई’ होती. आम्हा सात पोरांतल्या एकालाही आई कोण ते माहीत नव्हतं. आमच्या घरी याडी असते. आधीचे मास्तर त्या चित्रावर छडी ठेवून ‘आई म्हणा, आई’ करायचे आणि आम्ही म्हणायचो, पण ती बाई कोणाच्या घरची हे काही कळायचं नाही. गुरुजी आले आणि त्यांनी फळ्यावर आधी ‘याडी’ लिहिलं. वाचायला लावलं. मग शेजारी ‘आई’ लिहून म्हणाले, ही तीच आहे, परक्या गावात गेली की तिला आई म्हणतात. त्या दिवशी मला वाचता आलं असं मी धरते. पुढे ते बदलीवर गेले आणि आठ वर्षांनी स्वतः बदली मागून परत आमच्याच तांड्यावर आले. चौथीपर्यंतची शाळा, ते एकटे. दुसरी जागा कधी भरलीच नाही. मी डी.एड. करून, बी.ए. होऊन मदतनीस म्हणून त्यांच्याच शाळेत लागले तेव्हा त्यांनी खुर्चीवरून उठून मला नमस्कार केला. पोरांसमोर. मी लाजेने मेले होते.

टॅबलेट आले तेव्हा गुरुजी रुसतील असं मला वाटलं होतं. ते रुसले नाहीत. पोरांनी त्याचं नाव काचपाटी ठेवलं आणि गुरुजींनी तेच हजेरीपटाच्या मागे लिहून टाकलं, ‘काचपाटी, नग बारा’. समुद्राचा व्हिडिओ पहिल्यांदा लावला त्या दिवशी ते स्वतः पोरांच्या मधे मांडी घालून बसले होते. म्हणाले, मी तीस वर्षं समुद्र फळ्यावर काढतो आहे आणि मलाच माहीत नव्हतं की त्याला आवाज असतो. दिवाळीनंतर तीन पोरं याडी-बापाबरोबर ऊसतोडीला निघाली, तर त्यांनी एक काचपाटी त्यांच्या बोचक्यात घालून दिली. वरच्यांना न विचारता. तिच्यात त्यांनी आपल्या आवाजात, आमच्या बोलीत गोष्टी भरल्या होत्या. एक कोल्ह्याची, एक लमाणांच्या बैलाची, आणि प्रत्येक गोष्ट संपली की ‘आता हेच मराठीत ऐका’ म्हणून तीच पुन्हा. कोल्हापूरकडच्या फडात ती पोरं रोज ऐकायची. मग एक दिवस तिथे नेटवर्क मिळालं, पुण्याहून तुमच्या कंपनीचं नवीन काहीतरी आपोआप उतरलं आणि गोष्टी गेल्या. मी तक्रार टाकली तर उत्तर आलं, अनधिकृत मजकूर ठेवता येत नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, “यंत्र वाईट नाही पुष्पा. ह्याले सारं येते. समोर कोण बसलं हे मात्र ह्याले ओळखू येत नाही. ते आपण करू, बाकी ह्याले करू दे.” इतका सरळ हिशोब होता त्यांचा. मी तो बिघडवला.

वाचनाची परीक्षा दर महिन्याला. तुला ती पाठ आहे, तूच बोलतेस तिच्यात. पोराचं नाव निवडायचं, साठ शब्दांचा उतारा समोर येतो, पोराने मोठ्याने वाचायचं, आणि शेवटी लाल, पिवळी किंवा हिरवी खूण. ऑगस्टात प्रेरणा बसली. चौथीतली, दोन वेण्या, बडबडी. उताऱ्यात होतं, ‘आईने चुलीवर भाकरी भाजली. बाबा शेतातून आले.’ तिने बोट ठेवून वाचलं, ‘याडीने चुलीवर बाटी भाजली. बा शेतातून आला.’ गुरुजी मागे उभे होते, त्यांचा चेहरा फुलला. कारण तिने नुसती अक्षरं उच्चारली नव्हती, तिला त्या चुलीवरची भाकरी दिसली होती. आमच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. काचपाटीने लाल केलं. तू म्हणालीस, ‘हरकत नाही, पुन्हा प्रयत्न कर.’ तिने पुन्हा तसंच वाचलं, अजून खुशीत. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर नियमाप्रमाणे तिचं सगळं मागे गेलं, पार अननसाच्या ‘अ’पर्यंत. चौथीतल्या पोरीला कानाला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पहिलीचा धडा. पहिलीतली पोरं येऊन तिच्या काचेत डोकावून जायची. एक जण म्हणाला, ‘पिरेरना आमच्यात आली वाटते.’ चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी आली नाही.

गुरुजी म्हणाले, लाल राहू दे, मी बसतो तिच्याजवळ, दोन महिने लागतील. मला दोन महिने थांबायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लाल बघवतही नव्हतं. चार वाजता मी टेकडीवर जायची, सेवाभायाच्या देवळाच्या ओट्यावर, कारण आवाज पाठवायला नेटवर्क तिथेच. सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी प्रेरणाचं नाव निवडलं, आवाज थोडा बारीक केला आणि साठ शब्द स्वतः वाचले. हिरवं झालं. तू मला ‘शाब्बास’ म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, तुझं हिरवं झालं, चल. तिने विचारलंही नाही कसं. लहान पोरं खुणेवर किती लवकर विश्वास ठेवतात. मग त्या महिन्यात आणखी दोघांचं वाचलं, ऑक्टोबरात नऊ जणांचं, नोव्हेंबर-डिसेंबरात एकोणीस. पोरींसाठी बारीक आवाज, पोरांसाठी जरा खरखरीत, मुद्दाम एखादा शब्द अडखळून. गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बाया मला बघून हसायच्या, ‘पुष्पी काचपाटीले गोष्टी सांगून राह्यली.’ तीन पोरं ऊसतोडीवर होती. उरली दोघं. ती दोघं खरंच वाचणारी, म्हणून त्यांचं मी वाचलं नाही, आणि ती आपल्या आवाजात वाचून पिवळ्यात राहिली. म्हणजे त्या तक्त्यात सगळ्यात मागे जी दोन नावं दिसतात, तीच आमच्या शाळेतली खरी वाचणारी पोरं आहेत.

पोरांसाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. सुरुवातीला ते खरंही होतं. पण डिसेंबरातला तक्ता आला, आमची शाळा तालुक्यात पहिली आली, आणि मला तालुक्याला बोलावून शाल आणि नारळ दिला तेव्हा मी ‘हे माझं नाही’ असं म्हटलं नाही. फलकावर माझा फोटो होता. बा आला होता. तुला माहीत आहे माझा बा, धावजी, कुठल्या कचेरीत गेला तर दाराशी उकिडवा बसतो. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि तो तिच्या कडेवर टेकला होता, पूर्ण बसलाच नाही. घरी आल्यावर त्याने सगळ्या तांड्याला सांगितलं, ‘मार छोरी मास्तरणी वेगी.’ माझी पोरगी मास्तरीण झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नाही. याडीने ती शाल धुतलीसुद्धा नाही, तशीच घडी करून पेटीत ठेवली आहे. गुरुजींनी तक्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, “प्रेरणाचं हिरवं?” मी म्हटलं, घरी सराव करते ती. ते म्हणाले, “असं काय.” आणि तक्ता परत दिला. त्यांना कळलं होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

फेब्रुवारीत आदेश आला. एकोणीस पोरं जर मदतनीस आणि टॅबलेटवर वाचायला शिकत असतील तर इथे पूर्ण शिक्षकाची गरज नाही, जागा दुसरीकडे द्यावी. कागदावर अगदी बरोबर होतं ते, एकही चूक काढता येणार नाही असं. गुरुजींना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, पार झरीकडे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती त्यांची. जायच्या दिवशी ते जीपची वाट बघत नाक्यावर उभे होते, एक ट्रंक आणि छत्री. माझ्या याडीने अचानक ढावलो धरला. तुला एकदा सांगितलं होतं, आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा बाया गळ्यात पडून जे रडगाणं म्हणतात ते. पुरुषासाठी कोणी म्हणत नाही. पण याडीने धरला आणि मग दहा-बारा बाया आल्या, गुरुजींना मधे घेऊन म्हणायला लागल्या, हे घर सोडून कुठे चाललास, तुझ्यामागे कोण बघेल. गुरुजी छत्रीची मूठ दाबत खाली बघत होते. जीपवाला म्हणाला, ‘गुरुजी, सासर लई दूर हाय काय?’ आणि लोक रडता रडता हसले. मी त्या बायांत नव्हते. मी शाळेच्या दारात काचपाट्या चार्जिंगला लावत होते. हातात काहीतरी असलं पाहिजे म्हणून.

तिथे ते कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर आहेत. पोरं कोलामी बोलतात, ह्यांना त्यातला एक शब्द येत नव्हता. मार्चमध्ये फोन आला, म्हणाले, “पुष्पा, इथं मीच पहिलीत आहो. पोरं मले शिकवून राह्यली. काल ‘पाणी’ शिकलो, आज चूल.” आनंदात होते. मला तो आनंद ऐकवला नाही.

आणि प्रेरणा. चौथी झाली, जूनमध्ये ती गावातल्या मोठ्या शाळेत पाचवीला गेली. तिच्या नावापुढे हिरवी खूण, म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात तिला उभं करून धडा वाचायला सांगितला. भल्या मनाने सांगितलं असेल, तांड्यावरची हुशार पोरगी म्हणून. तिला दोन ओळी वाचता आल्या नाहीत. गुरुजी जे दोन महिने मागत होते ते तिला मिळालेच नव्हते. मी ते हिरव्या खुणेने भरून टाकले होते. वर्गातलं कोणीतरी म्हणालं, ‘इचं तर हिरवं होतं म्हणे. चिटिंग केली काय वं?’ तिने काही केलेलं नव्हतं निकिता. तिला माहीतही नव्हतं. ती घरी आली आणि दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. आता ती आपल्या याडीबरोबर सोयाबीनच्या निंदणाला जाते. मी तिला आणायला गेले तर वाफ्यातून मान वर न करता म्हणाली, “पुष्पाबाई, काचपाटी खोटी होती का मी?” मी तिच्याशेजारी बसून दुपारपर्यंत निंदण केलं आणि परत आले. त्याच संध्याकाळी टेकडीवरून गुरुजींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आपल्याबद्दल काही विचारलं नाही, बदलीचंही नाही. एवढंच विचारलं, “पोट्ट्यायले सांगितलं काय?”

दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं. बाकीच्या अठरा जणांना, एकेकाला, की तुझं मी वाचलं होतं. काहींनी खाली बघितलं. एक पोरगी म्हणाली, ‘मग माझं खरं किती?’ त्यानंतर प्रेरणाच्या घरी जाऊन चुलीजवळ बसून सांगितलं, खोटी मी होते. तिने ऐकून घेतलं आणि तव्यावरची बाटी उलटली. ती अजून शाळेत गेलेली नाही. त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला आणि केंद्रप्रमुख भगवानरावांकडे नेला. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख त्यांची. माणूस वाईट नाही, पोरांच्या खिचडीत डाळ कमी असली तर स्वतः भांडतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. “हे काय लिहून आणलं वं माय? एकोणीस पोट्ट्यायचं तूच वाचलं म्हणते?” मी हो म्हटलं. ते हसायला लागले. “गुरुजी परत पाह्यजे तुले, हे समजते मले. पण त्याच्यापायी सोताले कायले जाळून घेऊन राह्यली? हे मशीन पुण्याचं हाय. त्याले एका बाईचा अन् एकोणीस पोट्ट्यायचा आवाज येगळा करता येत नाही काय? मंग ते घेतलंच कायले असतं?” मी म्हटलं, पोरांना समोर बसवून वाचायला लावा. ते म्हणाले, “वाचलं नाही तर म्हणतीन, उन्हाळ्यात विसरले. पुरावा आण. माणूस खोटं बोलते पोरी, मशीन कायले बोलीन?” आणि अर्ज माझ्याकडे सरकवला, ठेवून घेतला नाही. मी खरं सांगत होते आणि माझ्या विरुद्ध माझाच आवाज साक्ष देत होता. मग तो अर्ज मी पोस्टाने वर पाठवला. उत्तर आलं, एकटीच्या म्हणण्यावर बैठकीत विषय घेता येणार नाही.

आता हे ज्यासाठी लिहिलं ते. डिसेंबरात तुझा फोन आला होता, सत्काराच्या आधी. मी टेकडीवरच होते. तू म्हणालीस, आमच्याकडे शंभरातले दोन आवाज माणसांनी ऐकून तपासायचे असतात आणि या महिन्यात तुमच्याकडचे माझ्या वाट्याला आले. मग हसून म्हणालीस, ‘तुमच्या पोरांना वाचायच्या आधी हं म्हणायची सवय कोणी लावली गं?’ मी पण हसले. म्हटलं, गुरुजींची असेल. तू म्हणालीस, ‘असेल.’ आणि पुण्याच्या थंडीबद्दल बोलायला लागलीस. निकिता, वसतिगृहात दोन वर्षं मी पुस्तक उघडलं की खोलीतल्या तुम्ही तिघी एकदम ‘हं’ म्हणायच्या. सराव पाठाच्या दिवशी तू मला बजावून पाठवायचीस, आज हं करू नकोस. तुला पहिल्याच आवाजाला कळलं. तुला कळलं हे मलाही तिथेच कळलं, आणि आपण दोघी हसलो. त्या दिवशी मला वाटलं, मैत्रीण असावी तर अशी. तू तेव्हा एक ओळ लिहिली असतीस तर माझं काम गेलं असतं, गुरुजी राहिले असते आणि प्रेरणा त्यांच्याजवळ बसून, चौथीची पोरं चुकतात तशी चुकत, वाचायला शिकली असती. मी बोलले असते तरी तेच झालं असतं, म्हणून तुझ्यावर रागावताना निम्मा राग मला माझ्याकडे वळवावा लागतो. तरी तुझ्या वाट्याचा कमी पडत नाही. ते आवाज तुमच्याकडे दोन वर्षं ठेवतात, तूच सांगितलं होतंस, म्हणजे सगळे एकोणीस तुला पुन्हा ऐकता येतील. मला ते चोरून नकोत. मला तुझं पत्र हवं आहे, तुझ्या सहीचं: हे एकोणीस आवाज एकाच बाईचे आहेत, मी त्या बाईला ओळखते, आणि हे मी डिसेंबरातच ओळखलं होतं. शेवटचं वाक्य तुला जड जाईल. पण ते गाळलंस तर विचारतील, मग आता कसं कळलं, आणि कागद पुन्हा भगवानरावांच्या टेबलावरून सरकत माझ्याकडे येईल. तुझी नोकरी जाऊ शकते. कळंबला तुझ्या आई-बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न येईल, मला तुझ्या आईने किती वेळा पोटभर जेवू घातलं आहे ते मी विसरलेले नाही. हे सगळं माहीत असून मागते आहे. बैठक सकाळी अकराला आहे. तुझा कागद आला तर मला आत घेतील. नाही आला तरी मी दहालाच जाऊन बाहेरच्या बाकावर बसणार आहे.

अजून स्वतःला तुझीच म्हणवणारी,
पुष्पा